जमना सांगायची ते

मैदान आखायच्या फक्कीचं पोतं काल आलं. दरवर्षी ते मैदानाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत उतरवून घेतलं जातं आणि दरवर्षी त्याची एक बाजू ओली निघते. मग मुली पोतं उसवतात, तो पांढरा चुरा ताडपत्रीवर पसरतात, ढेकळं हाताने फोडतात, आणि तासाभरात सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या होतात. आमच्याकडे स्पर्धांचा हंगाम सुरू झाल्याचं असं कळतं. वेळापत्रकाचा कागद त्याआधीच फोनवर येऊन पडलेला असतो, पण त्याच्यावर माझा फारसा विश्वास नाही. तो दोनदा तरी बदलतो. पोतं आलं की मात्र खेळ नक्की होणार.

तळोद्याजवळच्या एका निवासी शाळेत मी मुलींना खेळ शिकवते. भादव्यात इथे पाऊस दमतो आणि ऊन चिडतं. मैदानावर गवत गुडघ्याएवढं झालेलं असतं. ते विळ्यांनी कापायला दोन दिवस जातात, आणि त्या दोन दिवसांत कापलेल्या ओल्या गवताचा वास वर्गात, जेवणात, अंथरुणात सगळीकडे असतो. मागे सातपुडा इतका हिरवा असतो की बघून कंटाळा येतो. घाटातून उतरणाऱ्या जीपा चिखलाने माखलेल्या येतात, टपावर काकड्यांची गाठोडी आणि दाराला लटकलेली माणसं. मैदान आखायचं, दोरी ताणायची, डब्यातून फक्की सोडत उलटं चालायचं. माझी कंबर आता या कामाला नाही म्हणते, पण सरळ रेघ दुसऱ्या कुणाला जमत नाही असा माझा समज आहे.

शेतकऱ्याला हा हंगाम कापसाच्या बोंडांचा, मक्याच्या कणसांचा. माझ्यासाठी तो पालकांचा हंगाम आहे. वर्षभर न दिसलेले आईबाप या दिवसांत दिसतात, कारण निवड असते, परवानग्या असतात, मुली प्रवासाला जाणार असतात. मुलीबद्दल काही मनात असेल तर ते आत्ताच बोलायला हवं हे त्यांनाही ठाऊक असतं. बोलतात कसं, हा मात्र ज्याचा त्याचा भाग.

मी स्वतः शहादा तालुक्यातली, ऊस-कापसाच्या मुलखातली. घरी अहिराणी, शाळेत मराठी, असं दोन खिशांत दोन भाषा घेऊन वाढले. नोकरीची पहिली काही वर्षं तिकडेच एका गावात काढली. तिथले पालक बोलायला कुणाची वाट पाहत नसत. खो-खोच्या सामन्यात एका मुलीला बाहेर बसवलं, तर मी घरी पोचायच्या आधी तिच्या वडिलांचा फोन. "मॅडम, मन्ही पोर कालदिन उगीमुगी बसेल व्हती. तिले कसाले नही खेळाडं?" मी म्हणायचे, भाऊ, तिचा पाय मुरगळलाय. ते म्हणायचे, "पाय ते माले बी दुखस, मी वावरमा जास का नही?" दुसऱ्या दिवशी तेच गृहस्थ केळीचा घड घेऊन मोटारसायकलवर हजर, आणि आदल्या दिवसाचं त्यांच्या लक्षातही नाही. भांडण, केळी, पुन्हा भांडण. मला त्या वेळी त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, त्यात एक मोठी सोय होती. त्यांच्या मनात काय आहे ते मला कळत होतं आणि माझ्या मनात काय आहे ते त्यांना. मधे कुणी नव्हतं.

तळोद्याला आले आणि मधे कुणीतरी आलं.

इथल्या बहुतेक मुली डोंगरातल्या. घरी पावरी बोलतात. आईवडील बाजारापुरती अहिराणी जाणतात: भाव, किलो, दे, नको, उद्या. तेवढ्या शब्दांवर मिरची विकता येते, मुलीबद्दल बोलता येत नाही. आणि आम्हा शिक्षकांपैकी बहुतेकांना पावरी येत नाही. मग शाळेची एक पद्धत पडून गेली होती. पालक आला की मुलीला वर्गातून बोलवायचं. ती मधे उभी राहते. बाप बोलतो, ती मराठीत सांगते. मॅडम बोलते, ती पावरीत सांगते. हजेरी, मार्क, आजारपण, तक्रार, सगळं तिच्याच तोंडून. ज्या मुलीबद्दल बोलायचं तिलाच दुभाषी करायचं, यात काही चुकतंय असं आमच्यापैकी कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. उलट मुली किती चटपटीत झाल्या याचं कौतुक वाटायचं, आणि बापांना तर त्याहून जास्त. मुलगी मास्तरणीशी धडाधड बोलते हे बघताना त्यांचा चेहरा सैल व्हायचा. तेवढं बघायलाच ते जीपच्या टपावर बसून आलेले असायचे.

जमना नववीला आमच्याकडे आली. सडपातळ, मोठ्या पावलांची, बोलताना समोरच्याच्या कपाळाकडे बघणारी. जूनमध्ये मैदानावर चिखल होता तेव्हा मी मुलींना शाळेच्या रस्त्यावरून पळवत होते. बाकीच्या दम खात परतल्या, ही परत आली ती इकडेतिकडे बघत, जणू काही सुरूच झालं नव्हतं. अकरा वर्षं मी या शाळेत मुली पळवत होते. जिल्ह्याच्या पुढे एकही गेली नव्हती. त्या दिवशी मी घड्याळ बघितलं, पुन्हा बघितलं, आणि कुणाला काही बोलले नाही. अशा वेळी माणूस थोडं लबाड होतं. आपल्याला काय सापडलंय ते आधी आपल्यापुरतं ठेवावंसं वाटतं.

तिचे वडील खेमाभाऊ पहिल्यांदा आले ते श्रावणात. पांढरा सदरा, खांद्यावर टॉवेल, हातात काकड्यांची पिशवी. नवं पीक देवाला दाखवून झालं होतं, म्हणून आता मॅडमला आणलं होतं, हे जमनाने सांगितलं. आम्ही व्हरांड्यात बसलो. ती मधे उभी.

मी म्हटलं, "भाऊ, तुमची मुलगी फार छान पळते. तिला तीन हजार मीटरला उतरवायचंय. तुमची परवानगी पाहिजे."

जमनाने सांगितलं. खेमाभाऊ बराच वेळ ऐकत राहिले. मग ते बोलू लागले, आणि बोलतच राहिले. हळू आवाजात, मधेच थांबून, एकदा स्वतःच्या गुडघ्याला आणि मनगटाला हात लावून. त्यांचा दुसरा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. जमना चटकन काहीतरी म्हणाली. हात परत आला.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, चालेल."

मी हसले. "एवढ्या लांबणीचं एवढंच?"

"आमची भाषा लांब आहे मॅडम," ती म्हणाली.

हे मी त्या संध्याकाळी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना सांगितलं. सगळे हसले. हजरजबाबी पोरगी, असं ठरलं.

तो महिना मला तुकड्यातुकड्यांनी आठवतो. पहाटेचं धुकं मैदानावर कमरेएवढं असायचं आणि त्यातून मुलींची फक्त डोकी पळताना दिसायची. रात्री भिजवलेले हरभरे आणि गुळाचा खडा, तो देताना स्वयंपाकघरातल्या रेवामावशीची कुरकुर की गूळ मोजून येतो आणि न मोजता जातो. जमनाला पहिल्यांदा बूट मिळाले तेव्हा ती चार दिवस ते हातात घेऊन मैदानापर्यंत यायची, पळायची, पुन्हा काढून हातात. तिच्या पावलांचा आवाज मी डोळे मिटून ओळखू लागले होते. बाकीच्यांचा धपधप, हिचा हलका आणि एकसारखा. तो आवाज ऐकत उभं राहण्यात मला जे सुख होतं, त्याबद्दल मी आजही खोटं बोलणार नाही.

खेमाभाऊ दुसऱ्यांदा आले ते तालुक्याच्या स्पर्धेआधी, संमतीपत्रावर अंगठा द्यायला. पाल्यास कोणताही गंभीर आजार नाही, अशी एक ओळ त्या कागदात असते. कागद जमनानेच वाचून दाखवला. वाचता वाचता तिचं बोट त्या ओळीवरून पुढे गेलं, हे मी तेव्हा पाहिलं होतं की नंतर जुळवलं, ते मला आता सांगता येत नाही. खेमाभाऊंनी काहीतरी विचारलं. त्यात 'दवाखाना' हा शब्द मला स्वच्छ ऐकू आला. इतक्या वर्षांत पावरीतले असे चारदोन शब्द कानाला ओळखीचे झाले होते, आणि एखादा सापडला की त्याभोवती मी माझ्या सोयीचा अर्थ रचायचे.

"दवाखान्याचं काय म्हणतात गं?"

"आजीला नेलं होतं मॅडम. धडगावला. ते सांगतायत."

"बरी आहे का आता?"

तिने विचारलं. त्यांनी उत्तर दिलं. "बरी आहे," ती म्हणाली.

मी विचारपूस केली याचं मला बरं वाटलं. पालकांशी असं घरच्यासारखं बोलावं, असं मी नव्या शिक्षकांना सांगत असे.

तालुक्याला जमना पहिली आली. दुसरी आली तेव्हा हिचं पाणी पिऊन झालं होतं. त्यानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ आहे. सराव संपला, मुली गेल्या, आणि ही पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसलेली दिसली. जवळ गेले. ओठांचा रंग बरोबर नव्हता. धाप लागली होती, आणि ती उतरत नव्हती. पळून आलेल्या माणसाचा श्वास कसा खाली येतो ते मला माहीत आहे. माझं शिक्षणच त्याचं आहे. हिचा येत नव्हता. मी तिचं मनगट धरलं आणि ठोके मोजले. चार नीट पडत, एक चुकत, पुन्हा तीन, पुन्हा एक चुकत. मी पुन्हा मोजले. मग स्वतःला सांगितलं की माझीच मोजणी चुकली.

"काय होतंय?"

"काही नाही मॅडम."

"आधी असं झालं होतं?"

"नाही."

मी तिला त्या दिवशी आराम दिला. दुसऱ्या दिवशी तिने आतापर्यंतचा सगळ्यात चांगला वेळ दिला. मग मी ती सकाळ विसरले. म्हणजे विसरायचं ठरवलं आणि ते जमलं. दहा दिवसांनी नंदुरबारला जिल्ह्याची स्पर्धा होती. तीही जमनाने जिंकली. शेवटच्या फेरीत तिच्या मागे कुणीच नव्हतं, तरी ती जीव तोडून पळाली. मी रेघेपाशी उभी राहून रडले. लोकांनी फोटो काढले, त्यातल्या एकात माझं तोंड उघडं आहे. आता विभाग, आणि विभागानंतर राज्य.

दिवाळीच्या आधीचा बाजार होता. खेमाभाऊ डोक्यावर सीताफळांची टोपली घेऊन आले. चाचणी परीक्षा चालू होती, जमना पेपराला बसली होती. तिला उठवता येत नव्हतं. मी त्यांना खुणेने बसायला सांगितलं, ते बसले. मी हसले, ते हसले. असा बराच वेळ गेला. शेवटी मी स्वयंपाकघराकडे हाक मारली. रेवामावशी मूळची धडगावकडची. घरी पावरी बोलते, तळोद्यात लग्न होऊन आल्यापासून बाजारात अहिराणी. अकरा वर्षं ती माझ्यापासून वीस पावलांवर पोळ्या लाटत होती. पालक आले असताना तिला बोलवावं, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

ती पिठाचे हात पदराला पुसत आली. खेमाभाऊंनी तिला काहीतरी विचारलं. ती माझ्याकडे वळली.

"ते इचारतस, तुमी पोरले नंदुरबारले डाक्टरकडे ली गयथात, तो नक्की काय बोलना?"

"कोणता डॉक्टर?" मी म्हटलं.

मावशीने ते सांगितलं. खेमाभाऊंनी सावकाश, एकेक वाक्य थांबवून, पुन्हा सांगायला सुरुवात केली, आणि मावशी तसंच थांबत थांबत मला सांगत गेली. जमना दहा वर्षांची असताना तिला ताप आला होता. सांधे सुजले होते. गुडघे, मनगटं. त्यानंतर तिच्या हृदयाच्या एका झडपेत दोष राहिला, असं मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दर एकवीस दिवसांनी सुई घ्यायची. दगदग करायची नाही, पळायचं तर मुळीच नाही. गावाजवळच्या आरोग्य केंद्रात बाप तिला दर एकवीस दिवसांनी चालवत न्यायचा. एकही सुई चुकवली नव्हती. शाळा बदलली तेव्हा तो हेच सांगायला आला होता.

"पहिलांदा उना तवयच सांगं व्हतं, असं म्हनतस," मावशी म्हणाली.

श्रावणात. काकड्या घेऊन आले तेव्हा. मी मावशीला विचारायला सांगितलं की मग जमनाने त्यांना काय सांगितलं. ती उत्तर ऐकत असताना तिचा चेहरा बदलला.

जमनाने सांगितलं होतं की मॅडमना सगळं माहीत आहे. सुई जूनपासून इथेच शाळेत देतात. मॅडमनी स्वतः नंदुरबारच्या मोठ्या डॉक्टरला दाखवलं, आणि तो म्हणाला, दोष गेला, आता पळू द्या.

जूनपासून एकही सुई दिली गेली नव्हती.

खेमाभाऊंनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात आणखी एक पिशवी, तिच्यात घडी घातलेला कागद. तो मी वाचला. त्यात जे होतं ते सगळं त्यांनी सांगितलेलं होतं. मी कागद परत दिला. त्यांनी तो तशाच घड्या घालून, तशाच दोन पिशव्यांत ठेवला. ते रागावले नाहीत. मी रागाची वाट पाहत होते. मला शहाद्याच्या त्या केळीवाल्या भाऊंची फार आठवण झाली. ते असते तर त्यांनी शाळा डोक्यावर घेतली असती.

जमनाला नंतर मी विचारलं. ती माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही पळू दिलं असतं का?" मी म्हटलं, नाही. "त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी?" मी म्हटलं, नाही. "मग?" ती म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीने दोन मोठ्या माणसांना तीन महिने एकमेकांवर विश्वास ठेवायला लावला होता, आणि तोही फक्त त्यांना जे ऐकायला आवडेल ते सांगून. बापाला हवं होतं की मुलगी बरी असावी. मला हवं होतं की मुलगी पळावी. तिने दोघांना आपापलं दिलं. मला तिचा राग यायला हवा होता. मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीखाली, लाज वाटते सांगायला, विभागाची स्पर्धा गेल्याचं दुःख होतं.

आता ही पद्धत आमच्या शाळेत बंद आहे. पालक आला की मावशीला बोलावतात, मुलीला नाही. मुख्याध्यापकांनी तसा कागद काढला. मावशी थोडी भाव खाते. पोळ्या कोण लाटेल असं विचारते, पण खुर्ची ओढून बसते. मी पावरी शिकायला घेतली आहे. या वयात जीभ वळत नाही, मुली हसतात. तरी आता एखाद्या आईने गुडघ्याला हात लावला तर मी आधी गुडघ्याचं विचारते. जमना गेल्या वर्षी बारावी झाली. सुया चालू आहेत, एकवीस दिवसांचा हिशेब तीच ठेवते. बाजारात भेटली की थांबते, बोलते. आम्ही सगळ्याबद्दल बोलतो, पळण्याबद्दल बोलत नाही. आणि धुळ्याबद्दल तर कधीच नाही.

धुळ्याला आम्ही गेलो ते त्या बाजाराच्या दुसऱ्याच दिवशी. खेमाभाऊ, जमना, मी, आणि माझ्या आग्रहावरून रेवामावशी. मोठा दवाखाना, लांब बाक, फिनाइलचा वास. दुपारी नंबर लागला. जमनाला आत नेलं, आणि डॉक्टरांना मराठी बोलणारं मोठं माणूस पाहिजे म्हणून मला. बाप आणि मावशी दाराबाहेर थांबले. डॉक्टर तरुण होते. त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग विचारलं की धाप लागणं, ठोके चुकणं, असं अलीकडे कधी झालं का.

"नाही," जमना म्हणाली.

"झालंय," मी म्हटलं. मी त्यांना पाण्याच्या टाकीजवळची सकाळ सांगितली. ओठ, श्वास, मनगट, चारानंतर चुकलेला ठोका. हे मला माहीत होतं आणि त्यानंतर मी तिला जिल्ह्याला पळवलं, हेही सांगितलं. सांगताना मी आवाज खाली आणला आणि भरभर बोलले. डॉक्टरांनी लिहून घेतलं. ते म्हणाले की वेळेवर आलात. अशीच पळत राहिली असती तर एखाद्या दिवशी मैदानातून उठली नसती. जमना टेबलावर बसून सगळं ऐकत होती.

मी बाहेर आले. खेमाभाऊ उभे राहिले. त्यांनी मावशीला विचारलं आणि मावशीने मला.

"ते इचारतस, आधी कधी तुमले काही दिसनं का? पोरले तरास व्हतांना?"

मला उत्तर माहीत होतं. दोन मिनिटांपूर्वी मी ते एका परक्या माणसाला दिलं होतं. नंतर मी स्वतःला अनेक कारणं दिली. खरं कळलं तर ते मुलीला शाळेतूनच काढतील, तिचं शिक्षण जाईल, हे त्यातलं सगळ्यात चांगलं. पण ते मला नंतर सुचलं. तिथे उभी असताना मला एवढंच दिसत होतं की हा माणूस माझ्याकडे अजून आदराने बघतोय.

"नाही," मी म्हटलं.

मावशीने ते जसंच्या तसं सांगितलं.

जमना तेवढ्यात दारात आली होती. खेमाभाऊंनी सवयीने तिच्याकडे बघितलं. एवढं सगळं होऊनही, मॅडम काय म्हणाल्या ते नक्की करायला त्यांची नजर तिच्याकडेच गेली. त्यांनी तिला दोन शब्दांत काहीतरी विचारलं. मला पावरी येत नव्हती, पण ते 'खरं का?' होतं, हे कुणालाही कळलं असतं. जमनाने एकदा माझ्याकडे बघितलं. कपाळाकडे नाही, डोळ्यांत. मग बापाकडे वळून तिने होकाराची मान हलवली.

खेमाभाऊंनी माझ्यापुढे हात जोडले आणि काहीतरी बोलले.

"ते म्हनतस," मावशी म्हणाली, "मॅडम व्हत्या म्हनीसन मन्ही पोर वाचनी."

त्यावर मी काय म्हणते ते ऐकायला मावशी थांबली. मीही हात जोडले.